ओढ्यात मासळीचं बीज सोडण्याआधी चार दगड उलटून बघा

या खेपेला आलेल्या प्रश्नांत तीन मासळीचे आहेत. मासे हा आमच्या शेती खात्याचा विषय नव्हे, पण ओढा तुमच्याच रानातून वाहतो आणि त्याचं बरं-वाईट बांधावरच ठरतं. म्हणून मला जेवढं कळतं तेवढं सांगतो.

पहिला प्रश्न राधानगरी तालुक्यातला: “लहानपणी आमच्या ओढ्यात मल्या, मुरी, वाम भरपूर मिळायची. आता चिलापीशिवाय (तिलापिया) काही गावत नाही. कटला-रोहूची बोटुकली (बोटभर पिल्लं) सोडली तर ओढा पुन्हा भरेल का?”

नाही भरणार. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, मोठ्या पाण्याचे मासे. त्यांना शेततळं किंवा गावतळं बरं. ओढ्यातली बोटुकली पहिल्याच पुरात खाली जाईल आणि पैसे तिच्यामागनं. विदेशी मागूर तर फुकट मिळाला तरी आणू नका, त्याच्यावर बंदी आहे.

तुमचा मल्या गेला तो राहायला जागा उरली नाही म्हणून. हा वीतभराच्या आतला मासा कधी हातात आला तर उलटा करून बघा. हनुवटीखाली मांसल चकती दिसेल. तिच्या जोरावर तो धारेतल्या दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. म्हणजे त्याला दगड पाहिजे, दगडावर पातळ शेवाळ पाहिजे आणि पाणी पळतं पाहिजे. वरच्या रानातली माती वाहून आली आणि दगडावर गाळाचं लिंपण बसलं, की चकती धरत नाही आणि खाणंही झाकलं जातं. मुरीला वाळू-गोट्यांच्या फटी लागतात, त्या गाळानं बुजतात. वाम काठाच्या कपारीत आणि मुळ्यांत दडते. काठ तासून सरळ केला की तिचं घर मोडलं. (मल्या, कोळस, खुद्री ही आपल्याकडची नावं सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये शास्त्रीय नावांत जशीच्या तशी घेतली. आज जगभरचे अभ्यासक तीच लिहितात, आणि आपली पोरं सगळ्यांना ‘मासा’ म्हणतात.)

प्रत्येक पाण्याचा मासा वेगळा, हेही ध्यानात घ्या. घाटाजवळच्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पूर्वेच्या शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती वरच्या अंगाला खडकाळ, गार आणि धावत्या. प्रयाग चिखलीच्या खाली पंचगंगा रुंद होते, संथ होते, तळाला गाळ धरते. तिथं शिंगटी आणि मरळ रमते. घाटाजवळच्या ओढ्यातला मासा नरसोबाच्या वाडीला शोधू नये.

आता सावलीचं. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. उसाची एक सरी वाढावी म्हणून काठची वाळुंज, करंज, उंबर तोडली, की उन्हाळ्यात ओढा तापतो आणि माशाचा श्वास तिथंच कमी होतो. शिवाय झाडाचा पाला पाण्यात पडतो, त्यावर किडे जगतात, किड्यांवर मासे. धारेतले चार दगड उलटून बघा. खाली चपट्या अळ्या, वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळ्या दिसल्या तर ओढा अजून जिवंत आहे. नुसता काळा, वास मारणारा गाळ निघाला तर बीज विकत घेऊ नका.

कोणी जेसीबीनं ओढ्याचं खोलीकरण करायचं म्हणत असेल, तर एक कबुली देतो. एका गावात ओढा सरळ आणि एकसारखा खोल करायला मीही मान डोलावली होती. काम देखणं झालं. पण खळाळ गेला, डोहही गेला. एप्रिलमध्ये धार आटते तेव्हा मासे डोहात जीव धरून राहतात आणि पावसात तिथूनच पुन्हा पसरतात. तो डोहच बुजला, तर पसरायला कोण उरणार? गाळ काढायचाच असेल तर वळणं, मोठे धोंडे आणि निदान एक-दोन जुने डोह तसेच ठेवा. काठाला दोन्ही बाजूंनी चार-पाच हात पट्टा सोडून वाळुंज, करंज लावा. त्यानं बांधही ढासळत नाही.

दुसरा प्रश्न शिरोळचा: “उन्हाळ्यात बंधाऱ्यावर पहाटे मासे तोंड वर काढतात, मग मरून तरंगतात. आमच्या खतानं होतं का?”

थोडं तुमचंही, पण सगळं नाही. बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की नदीचं तळं होतं. त्यात साखर कारखान्याच्या मळीचं किंवा गावाचं सांडपाणी आलं, की ते कुजवणारे जिवाणू प्राणवायू खाऊन टाकतात. युरिया वाहून आला की शेवाळ आणि जलपर्णी माजते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तेच घेतं, म्हणून पहाट वाईट. आधी धावत्या पाण्याचे मासे मरतात. मरळ वरची हवा घेऊ शकते, चिलापी बरंच सोसते. राधानगरीच्या प्रश्नातही चिलापीच उरली आहे, हा योगायोग नव्हे.

तक्रार करायची तर पाण्याचा नमुना उजाडायच्या सुमारालाच घ्यायला लावा. दुपारी बारापर्यंत उन्हानं प्राणवायू पुन्हा वाढलेला असतो आणि कागदावर सगळं ठीक दिसतं. वेळेसकट फोटो ठेवा. मेलेले मासे खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. आणि फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका. सायपरमेथ्रिनसारखं औषध अगदी थोडं असलं तरी माशाला पुरतं. पंप रानातच धुवा.

तिसरा प्रश्न बऱ्याच जणांचा: जूनमध्ये चढणीचे मासे धरावेत का?

ते गाबोळीनं भरलेले असतात, अंडी घालायलाच वर चढतात. मन आवरत नसेल तर निदान ओढ्याच्या पूर्ण रुंदीला जाळं लावू नका, अर्धी वाट मोकळी ठेवा. जिलेटिनचा स्फोट करून किंवा विष टाकून मासे मारायला १८९७ च्या कायद्यानंच मनाई आहे, आणि ब्लीचिंग पावडर त्यातच आली. डोहात ती कोण टाकतं हे गावाला माहीत असतं, त्याला गावानंच अडवावं.

उलटलेल्या दगडाचे फोटो पाठवा. एप्रिल-मे महिन्यातले असतील तर जास्त उपयोगी.