वाचवलेले डॉलर जातात कुठे? बेसबॉलवर तुमचे प्रश्न

या वेळी प्रश्नांचा ढीग आलाय आणि त्यातले निम्मे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, टीमने पैसे खर्च करावेत का प्रॉस्पेक्टना, म्हणजे पुढे मोठी होतील अशी आशा असलेल्या तरुण पोरांना, वाढवावं. ऑफ-सीझन आला की हेच होतं, मैदानावर काही चालू नसतं मग सगळे फॅन अकाउंटंट होतात. जमतील तेवढे घेतलेत.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मेव्हणा दोघं बॉस्टनला असतो आणि दोघंही रेड सॉक्सचे. 2020 मधल्या मुकी बेट्सच्या ट्रेडवरून आमच्यात अजून भांडण होतं. तो म्हणतो कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलं होतं, फुकट जाण्यापेक्षा तीन पोरं मिळाली ते बरं. मला पटत नाही. तुम्ही सांगा कोण बरोबर.

तुम्ही. आणि मेव्हण्याला हे वाचून दाखवा, पण जेवणाच्या आधी नको.

मेव्हण्याचं लॉजिक कागदावर चुकीचं नाहीये, सीझन संपल्यावर बेट्स फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा, होणार होता आणि टीम 2018 आणि 2019 अशी दोन वर्षं लक्झरी टॅक्सच्या रेषेच्या वर गेलेली होती. ही रेषा म्हणजे काय ते एकदा सांगून टाकते कारण पुढे सारखी येणारे. बेसबॉलमध्ये पगाराला पक्की मर्यादा नाही, किती पण खर्च करा, फक्त एका आकड्याच्या वर गेलात की वरच्या पैशावर दंड. 2020 ला तो आकडा 20.8 कोटी डॉलर होता, 2025 ला 24.1 कोटी. पहिल्या वर्षी 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्यापासून 50, आणि फारच वर गेलात तर त्यावर अजून सरचार्ज. एक वर्ष रेषेखाली आलात की मीटर परत शून्यावर. तर रेड सॉक्सला मीटर शून्यावर आणायचा होता आणि त्यासाठी त्यांनी बेट्स डॉजर्सला दिला, वर महागडा पिचर डेव्हिड प्राइस पण दिला आणि प्राइसचा अर्धा पगार स्वतः भरायचं कबूल केलं.

आता मिळालं काय ते बघा. अलेक्स व्हर्डुगो, जो बरा खेळला आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये चक्क यांकीजला गेला. कॉनर वाँग, कॅचर, एखाददुसरं वर्ष चांगलं. आणि जीटर डाउन्स, जो या ट्रेडमधला खरा प्रॉस्पेक्ट म्हणून आपल्याला विकला गेला होता, तो बॉस्टनकडून 14 मॅच खेळला आणि 2022 च्या डिसेंबरमध्ये रोस्टरवरनं, म्हणजे टीमच्या यादीतनं, काढला. तिकडे डॉजर्सने बेट्सला जुलै 2020 मध्ये 12 वर्षं आणि 36.5 कोटींचं एक्स्टेंशन दिलं आणि तेव्हापासून तीन वर्ल्ड सिरीज (सीझनची फायनल) जिंकल्या, 2020, 2024, 2025.

माझा राग वेगळाच आहे पण. बेट्स हा रेड सॉक्सचाच प्रॉस्पेक्ट होता ना! 2011 च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पाचव्या राउंडला उचललेला, याच टीमने वाढवलेला, 2018 ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) आणि वर्ल्ड सिरीज दोन्ही. म्हणजे आपण ज्या दिवसाची वाट बघतो, की आपलं पोरगं मोठं होऊन टीम ओढेल, तो दिवस येऊन गेलेला होता. आणि तेव्हा त्याला देऊन परत नवीन पोरं घेतली, का तर ती स्वस्त. मग प्रॉस्पेक्ट वाढवायचे कशाला? झाड लावायचं, आंबे लागले की झाड विकायचं आणि परत कोय पेरायची, असला हा प्रकार.

प्रश्न : एक पिचर रविवारी तीन इनिंग मस्त टाकतो आणि सोमवारी त्याला ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, पाठवतात. चांगलं खेळल्याची शिक्षा आहे का ही?

हो, अगदी तीच. ॲक्टिव्ह रोस्टरवर 26 जण, त्यात जास्तीत जास्त 13 पिचर. रविवारी त्याने चाळीसेक बॉल टाकले म्हणजे निदान दोन दिवस त्याचा हात चालणार नाही, आणि टीमला सोमवारी ताजा हात पाहिजे. मग ज्याच्याकडे ऑप्शन शिल्लक आहेत तो बॅग भरतो. ऑप्शन म्हणजे खेळाडू न गमावता त्याला मायनर लीगला पाठवायची सोय, बहुतेकांना अशी तीन वर्षं असतात. खाली गेला की पिचरला साधारण 15 दिवस तिथेच थांबावं लागतं, वर कोणी जखमी झाला तरच लवकर बोलावता येतं. आधी तर एकाच सीझनमध्ये कितीही वेळा वर-खाली करायचे, 2022 पासून पाच वेळाच. ज्याचे ऑप्शन संपलेत तो वाईट खेळला तरी टिकतो आणि ज्याचे आहेत तो चांगला खेळून पण एअरपोर्टवर. म्हणून "हा का अजून टीममध्ये" असं ओरडण्याआधी त्याचे ऑप्शन बघत जा, निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

प्रश्न : डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) केलं म्हणजे काढून टाकलं का?

लगेच नाही. 40 जणांच्या मोठ्या रोस्टरवरनं (वरचे 26 आणि बाकीचे राखीव) त्याचं नाव काढलं, आता टीमकडे सात दिवस. त्यात ट्रेड करा, वेव्हर्सवर टाका (म्हणजे दुसरी टीम त्याला उचलू शकते), नाहीतर सोडून द्या. वरचा जीटर डाउन्स असाच गेला, वेव्हर्सवरनं वॉशिंग्टनने उचलला.

प्रश्न : मी शिकागोच्या कब्जचा फॅन, लहानपणापासून. आमचा नंबर एकचा प्रॉस्पेक्ट स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सरावात, सगळ्यांना झोडत असतो आणि तरी एप्रिलमध्ये त्याला खालीच ठेवतात, वर सांगतात "डिफेन्सवर काम करतोय". खरं काय असतं?

खरं काय असतं हे कब्जच्या फॅनने विचारावं! क्रिस ब्रायंट विसरलात का काय. 2015 च्या स्प्रिंगमध्ये नऊ होम रन मारले होते त्याने, सगळ्यात जास्त, आणि सीझन सुरू होताना त्याला पाठवला ट्रिपल-एला. कारण हेच, डिफेन्स. 17 एप्रिलला वर बोलावला. मधल्या पंधराएक दिवसांत त्याच्या डिफेन्समध्ये काय असा फरक पडला ते देवाला माहीत, पण कॅलेंडरमध्ये मात्र पडला.

गणित असं की सीझन साधारण 187 दिवसांचा, आणि त्यातले 172 दिवस मेजर लीगमध्ये काढले की सर्व्हिसचं एक वर्ष धरतात. अशी सहा वर्षं झाली की खेळाडू फ्री एजंट, मग तो बाजारात जाऊन पाहिजे तो आकडा मागू शकतो. ब्रायंटचे त्या वर्षी दिवस भरले 171. एक दिवस कमी! म्हणजे कब्जला तो सहाच्या ऐवजी जवळजवळ सात वर्षं मिळाला. त्याने तक्रार केली, ती चालली 2020 पर्यंत आणि तो हरला, कारण टीमने हे मुद्दाम केलं हे सिद्ध करणं महाकठीण, त्यात तेव्हाचा थर्ड बेसमन जखमी झाला होता त्यामुळे ब्रायंटला बोलवायला एक कारण आयतं सापडलं.

गंमत बघा, पहिल्या मॅचला तो चार वेळा बॅटिंगला आला, एकही हिट नाही आणि तीनदा स्ट्राइकआउट. त्या रात्री कोणीतरी नक्की म्हणालं असणार, बघा, अजून तयार नव्हता. मग तो त्या वर्षीचा रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) झाला, पुढच्या वर्षी एमव्हीपी, आणि 2016 ला कब्जने 1908 नंतर पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. आता तुम्ही म्हणाल मग फायदाच झाला की, जास्तीचं वर्ष मिळालं. मिळालं, 2021 चं. आणि त्या वर्षी जुलैमध्येच कब्जने त्याला जायंट्सला ट्रेड केला.

लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या 2022 च्या करारानंतर हे थोडं सुधारलंय. टॉपचा प्रॉस्पेक्ट सुरुवातीपासून खेळवला आणि तो रुकी ऑफ द इयर झाला तर टीमला ड्राफ्टचा एक जादा पिक मिळतो. आणि उशिरा बोलावला तरी तो रुकीच्या मतदानात पहिल्या दोनात आला तर त्याला पूर्ण वर्ष मिळतं. पिट्सबर्ग पायरट्सचा पिचर पॉल स्कीन्स, त्याचं तेच झालं, 2024 ला 11 मे ला पहिली मॅच, तरी वर्ष पूर्ण धरलं गेलं.

प्रश्न : स्कीन्सवरून आठवलं. पायरट्सकडे असा पिचर असताना ते बॅटर का घेत नाहीत हो? छोटं मार्केट, पैसे नाहीत, हे खरंय का?

छोटं मार्केट हे खरं, पैसे नाहीत हे मला पटत नाही. सगळ्या 30 टीम आपल्या स्थानिक कमाईचा 48 टक्के भाग एकत्र टाकतात आणि तो सारखा वाटला जातो, म्हणजे यांकीजचे पैसे पिट्सबर्गला पोचतात. ते मैदानात उतरले पाहिजेत एवढंच आपलं म्हणणं. 2025 ला स्कीन्सचा पगार 10 लाख डॉलर पण नव्हता, ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) 1.97, साय यंग (सर्वोत्तम पिचरचं बक्षीस) जिंकला, आणि विन-लॉस किती तर 10-10! इतका बॉल टाकून दहा मॅच हरणं म्हणजे समोर ताट वाढलंय आणि भाताचा पत्ता नाही.

प्रश्न : उगाच खर्च खर्च करू नका. 2023 च्या मेट्सने काय दिवे लावले ते आठवा. आणि मिल्वॉकी बघा, कमी पैशात दर वर्षी पुढे.

हा टोमणा मला आवडला, कारण अर्धा खरा आहे. 2023 ला मेट्सने सुमारे 10 कोटी डॉलर नुसता टॅक्स भरला आणि 75 मॅच जिंकून 87 हरले. पण पुढचं पण बघा, ट्रेडच्या डेडलाइनला (सीझनच्या मध्यावर, त्यानंतर ट्रेड बंद) त्यांनी शेर्झर आणि व्हर्लँडर या दोन महागड्या पिचरना विकलं आणि त्यांच्या पगाराचा मोठा भाग स्वतः भरला, का तर बदल्यात चांगले प्रॉस्पेक्ट मिळावेत. पैसे देऊन पोरं विकत घेतली थोडक्यात. म्हणजे श्रीमंत टीमची चूक झाली तरी ती पैशाने धुता येते, गरिबाला एक कॉन्ट्रॅक्ट फसलं की चार वर्षं गेली.

मिल्वॉकीबद्दल मात्र टोपी काढते. कॉर्बिन बर्न्स दिला, डेव्हिन विल्यम्स दिला, दोघंही टॉपचे पिचर, आणि तरी 2024 आणि 2025 दोन्ही वर्षी डिव्हिजन जिंकली, 2025 ला तर 97 मॅच, लीगमध्ये सगळ्यात जास्त. मग एनएलसीएसला (वर्ल्ड सिरीजच्या आधीची, नॅशनल लीगची फायनल) डॉजर्स आले आणि 4-0. चौथ्या मॅचला शोहेई ओहतानीने पिचिंग करताना दहा जणांना स्ट्राइकआउट केलं आणि त्याच मॅचमध्ये तीन होम रन मारले. हुशारी सीझनच्या 162 मॅचला पुरते हो, पण ऑक्टोबरमध्ये प्लेऑफला समोर असला माणूस आला की तुमच्याकडे पण एखादा असलेला बरा.

प्रश्न : पण ओहतानीचे 70 कोटी हा तर फ्रॉड आहे ना? पैसे नंतर द्यायचे म्हणजे टॅक्स चुकवणंच झालं.

फ्रॉड नाही, नियमात बसतं. 10 वर्षांचे 70 कोटी, त्यातले 68 कोटी नंतर. खेळतो तोवर वर्षाला 20 लाख, मग 2034 ते 2043 दर वर्षी 6 कोटी 80 लाख. टॅक्ससाठी मात्र 20 लाख धरत नाहीत, नंतरच्या पैशाची आजची किंमत काढतात आणि ती वर्षाला साधारण 4.6 कोटी येते. 7 कोटींपेक्षा कमी आहे हे मान्य, पण फुकट नाही, आणि पुढे द्यायचे पैसे बाजूला काढून ठेवायला पण लागतात. 2024 ला डॉजर्सने 10 कोटींच्या वर टॅक्स भरलाय, चुकवणारे एवढा भरत नाहीत. आणि हा नियम तुमच्या टीमच्या मालकाला पण लागू आहे, त्याला कोणी अडवलंय?

प्रश्न : डेडलाइनला टॉपचे प्रॉस्पेक्ट देऊन स्टार घ्यावा का? हो का नाही एवढंच सांगा.

हो. पण एवढंच कसं सांगू.

2022 ला पाड्रेजने वॉन सोटोसाठी वॉशिंग्टनला काय काय दिलं, अब्राम्स, गोर, जेम्स वुड आणि अजून तिघं. लोक म्हणाले घर विकलं. त्यातले अब्राम्स, गोर, वुड तिघंही पुढे ऑल-स्टार झाले, म्हणजे पोरं खरंच चांगली होती. आणि वॉशिंग्टन 2025 ला 96 मॅच हरलं. पाड्रेजने मात्र त्याच 2022 च्या ऑक्टोबरमध्ये 111 मॅच जिंकलेल्या डॉजर्सला बाहेर काढलं, आणि सोटो पुढे यांकीजला देऊन मायकेल किंग वगैरे पिचर परत मिळवले. सोटो स्वतः 2024 च्या डिसेंबरमध्ये मेट्सकडे गेला, 15 वर्षं, 76.5 कोटी, आणि 2025 ला मेट्स प्लेऑफला पण नाहीत, ते वेगळं. मी पाड्रेजची फॅन असते तर परत तोच ट्रेड केला असता, रडत रडत केला असता पण केला असता.

प्रॉस्पेक्टवर आपला जीव का जडतो तर तो अजून आपल्यासमोर एकदाही हरलेला नसतो. स्काउटच्या रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे 20 ते 80 च्या स्केलवर (80 म्हणजे सर्वोत्तम) 60 लिहिलंय, आपण मनात 80 वाचतो.

प्रश्न : मेट्स बॉबी बोनियाला अजून पैसे देतायत हे खरं का जोक?

खरं. 2000 सालचे 59 लाख त्याला तेव्हा द्यायचे नव्हते म्हणून 8 टक्के व्याजाने पुढे ढकलले, 2011 पासून दर 1 जुलैला जवळपास 12 लाख डॉलर, 25 वर्षं. शेवटचा हप्ता 2035 ला, तेव्हा तो 72 वर्षांचा असेल. मेट्सकडून शेवटची मॅच खेळला 1999 ला.