रेंजवर संपर्क तुटल्याचा कोड येत असेल तर आधी डिस्प्ले बोर्ड बदलावा की मुख्य बोर्ड?

आपण लिहिले आहे की, इलेक्ट्रिक रेंजचा, म्हणजे वर शेगडी आणि खाली ओव्हन असलेल्या विजेच्या चुलीचा, ओव्हन चांगला तापला की बीप वाजून पडद्यावर संपर्क तुटल्याचा कोड येतो, रेंज थंड झाली की सगळे पूर्ववत चालते, आणि तंत्रज्ञाने एकामागून एक दोन्ही बोर्ड बदलायला सांगितले आहे. तर सुरुवात कोणत्या बोर्डापासून करावी? माझे स्पष्ट मत असे की, आज तरी कोणताही बोर्ड बदलू नये. थंड असताना चालणारी आणि तापल्यावर बिघडणारी रेंज बहुधा दोन बोर्डांमधल्या तारांकडे, कनेक्टरकडे किंवा एखाद्या ड्राय सोल्डरकडे (नीट न धरलेल्या डाखाकडे) बोट दाखवते, आणि तिथे कोणी मीटर लावून पाहिल्याचा उल्लेख तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.

बटणे आणि पडदा सांभाळणारा डिस्प्ले बोर्ड आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) चालू-बंद करणारा मुख्य बोर्ड एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवत असतात. संदेशासोबत पडताळणीसाठी एक आकडा जातो. तो जुळला नाही किंवा ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही, तर आणखी काही प्रयत्न होतात, आणि तेही फसले की सुरक्षिततेसाठी ओव्हन तापवणारे रिले बंद करून कोड दाखवला जातो. म्हणजे कोडचा अर्थ ‘उत्तर मिळाले नाही’ एवढाच असतो. कोणी फोन उचलला नाही म्हणून तो माणूसच गेला, असा निष्कर्ष आपण काढत नाही. उत्तर न येण्याला पाठवणारा, घेणारा, मधली तार किंवा दोघांना मिळणारा वीजपुरवठा यांपैकी काहीही कारण असू शकते, आणि तरीही कोड दिसताच बोर्ड मागवण्याची पद्धत इतकी रुळली आहे की त्यावर कोणाला प्रश्नही पडत नाही.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण माझ्या ताईच्या घरी अगदी हेच घडले. तंत्रज्ञाने डिस्प्ले बोर्ड बदलला, रेंज काही काळ उत्तम चालली आणि मग तोच कोड पुन्हा येऊ लागला. आता मुख्य बोर्ड बदलावा लागेल, असे त्याने सांगितले आणि दाजींनी होकारही देऊन टाकला. मधला हार्नेस, म्हणजे दोन बोर्डांना जोडणारा तारांचा जुडगा, तपासला का, असे मी विचारले, तेव्हा त्याने माझ्यासमोर प्रत्येक तारेच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या दोन प्रोब लावून दाखवल्या. प्रत्येक वेळी बीप वाजली. ‘बीप वाजली म्हणजे तार चांगली,’ असे तो म्हणाला. माझे शिक्षण आणि काम दोन्ही इलेक्ट्रॉनिक्समधले असूनही दाजींनी मला सुनावले, ‘तो रोज हेच काम करतो, तू मध्ये पडू नकोस.’

बीपवरचा हा विश्वास मला मान्य नाही, आणि तेव्हाही नव्हता. बहुतेक मल्टिमीटरची बीप वीस-तीस ओहमपर्यंतच्या रोधालाही वाजते, आणि मीटर त्या वेळी तारेतून जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह सोडतो. प्रत्यक्षात डिस्प्ले बोर्ड २०० मिलिअँपिअर घेत असेल आणि खराब झालेल्या जोडात २५ ओहम रोध असेल, तर त्या जोडावरच ५ व्होल्ट खर्ची पडतात. मुख्य बोर्डाकडून निघालेले १२ व्होल्ट पलीकडे ७ होऊन पोहोचतात. डिस्प्ले बोर्डावरच्या साध्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) ५ व्होल्ट देण्यासाठी सुमारे ७ व्होल्ट तरी लागतात. त्याखाली गेले की प्रोसेसर अडखळतो आणि उत्तर वेळेत जात नाही. अशा तारेवरही बीप खणखणीत वाजते. शिवाय ती तपासणी रेंज थंड असताना झालेली होती, म्हणजे दोष हजर नसताना.

मी आग्रहाने मुख्य बोर्ड मागवणे थांबवले. रेंजचा पुरवठा बंद करून, डिस्प्ले बोर्डाच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने बारीक प्रोब अडकवल्या, मीटर बाहेर सुरक्षित अंतरावर ठेवला, आणि मगच पुरवठा सुरू करून ओव्हन तापवायला लावला. सुरुवातीला आकडा १२ च्या जवळ होता. ओव्हन जसजसा तापत गेला तसतसा तो घसरू लागला, आणि ७ च्या आसपास पोहोचताच बीप होऊन तोच कोड आला. पुढच्या खेपेला एकाच तारेच्या दोन टोकांना प्रोब लावल्या. चांगल्या तारेवर तिथे व्होल्टचा काही शतांश भागच दिसायला हवा. ऋण तारेवर तसाच दिसला, धन तारेवर मात्र गेलेले सगळे व्होल्ट सापडले. मुख्य बोर्डाच्या बाजूचा कनेक्टर काढून त्यातले टर्मिनल (तारेच्या टोकावरची धातूची पट्टी) पिनेने सोडवले, तर त्याची पकड तांब्याच्या तंतूंवर नव्हतीच. क्रिम्प करताना, म्हणजे टर्मिनल तारेवर दाबून बसवताना, इन्सुलेशनच आत चिमटले गेले होते आणि दोन-तीन तंतू कडेने धातूला कसेबसे टेकलेले होते. कनेक्टरचे पांढरे नायलॉन नेमके त्याच टर्मिनलच्या खाचेपाशी पिवळसर तपकिरी पडले होते, आणि शेजारच्या चकचकीत पिनांच्या मानाने ती एक पिन निस्तेज दिसत होती.

नवे टर्मिनल नीट क्रिम्प केले, हार्नेस ओव्हनच्या गरम पत्र्यापासून दूर बांधला आणि रेंज सुरळीत चालू लागली. दाजींचे म्हणणे मात्र कायम राहिले की मुख्य श्रेय नव्या डिस्प्ले बोर्डाचेच, तार हे निमित्त. म्हणून मी तंत्रज्ञाने काढून ठेवलेला जुना डिस्प्ले बोर्ड परत बसवला. ताईची रेंज आजही त्याच जुन्या बोर्डावर चालते आणि कोड पुन्हा आलेला नाही. नवा बोर्ड बसवल्यावर ती काही काळ का चालली, याचे उत्तरही अवघड नाही. बोर्ड बदलताना हार्नेस ओढला जातो, कनेक्टर निघून पुन्हा बसतात, त्या हालचालीत सैल तंतू नव्याने टेकतात आणि पिनांवरचा ऑक्साइडचा थर घासला जातो. बोर्ड बदलल्यावर रेंज चालली, हा जुना बोर्ड खराब असल्याचा पुरावा होऊ शकत नाही, हे मी दाजींना तेव्हा सांगितले होते आणि इथेही तेच ठामपणे सांगतो.

तुमच्या रेंजपुरते सांगायचे तर, मागच्या पत्र्याच्या आत किंवा खालच्या खणामागे घडी घालून ठेवलेले तांत्रिक पत्रक बहुधा मिळते. कोडचा अर्थ आणि कोणत्या पिनेवर किती व्होल्ट हवेत, हे त्यात पाहावे, कारण सगळीकडे १२ व्होल्टच असतात असे नाही. इलेक्ट्रॉनिक भाग थंड ठेवणारा पंखा फिरतो का, हेही पाहावे. तो बंद असेल तर चांगला बोर्डही तापून असाच वागतो. दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखेच कमी येत असेल, तर दोष तारेत नसून बहुधा मुख्य बोर्डावरच्या वीजपुरवठ्यात आहे. तिथे उष्णतेने सुकलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हे नेहमीचे कारण असते. दोन्ही टोकांना व्होल्टेज पूर्ण मिळते, संदेशाची तारही दोषमुक्त आहे आणि तरीही कोड येतो, असे झाले तर बोर्डांवर संशय घेणे योग्य ठरेल. तेव्हा दोहोंपैकी कोणता, हे मात्र त्या पत्रकाशिवाय दुरून सांगता येणार नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती आता सांगतो आणि ती गांभीर्याने घ्यावी. अनेक रेंजमध्ये ही १२ किंवा ५ व्होल्टची बाजू मुख्य विजेपासून विलग केलेली नसते. मीटरवर १२ दिसत असले तरी त्याच तारेला हात लागल्यास मुख्य विजेचा धक्का बसू शकतो, आणि जमिनीला जोडलेला ऑसिलोस्कोप (विजेचा आलेख दाखवणारे उपकरण) तिथे लावल्यास बोर्डासकट जळू शकतो. प्रोब लावताना आणि काढताना ब्रेकर बंदच असला पाहिजे, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी काही मिनिटे थांबले पाहिजे, आणि चालू रेंजमध्ये हात घालता कामा नये. विजेच्या कामाची सवय नसेल तर हे मोजमाप स्वतः न करता तंत्रज्ञाकडूनच, पण तुमच्या डोळ्यांसमोर आणि रेंज तापलेली असताना करून घ्यावे. त्याने नुसती बीप ऐकवली तर ती मान्य करू नये. एकाच तारेच्या दोन टोकांमधले व्होल्ट दाखवायला सांगावे. आणि एवढे करूनही कोणी बोर्ड बदललाच, तर काढलेला जुना बोर्ड त्याच्याबरोबर जाऊ देऊ नये. हार्नेस दुरुस्त झाल्यावर तो पुन्हा बसवून पाहावा, म्हणजे दोष कुठे होता याबद्दल घरात वाद उरणार नाही.