लहान दुकानात चोरी थांबवायला सिक्युरिटी टॅग लावावेत का?

तुमचा प्रश्न वाचला. धनकवडीत दोनशे चौरस फुटांचं लेडीज वेअरचं दुकान, मदतीला दोन मुली, दर महिन्याला दहा-बारा नग कमी भरतात, आणि मॉलमध्ये असतात तसे टॅग आणि टॅग न काढता नग बाहेर नेला की वाजणारं दारातलं गेट लहान दुकानाला परवडतात का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही काही वर्षं वापरतोय म्हणून जरा सविस्तर लिहिते. परवडतात. पण गेटवाल्याला फोन करायच्या आधी दोन महिने नुसता माल मोजा.

आमचं दुकान लक्ष्मी रोडच्या आतल्या गल्लीत आहे. सासऱ्यांच्या वेळी गादी होती. गिऱ्हाईक समोर बसायचं, माणूस एकेक घडी उलगडून दाखवायचा, आणि दाखवलेला नग पुन्हा घडी होऊन मागच्या फडताळात जायचा. उचलायला वावच नव्हता. पुढे आम्ही गादी काढली, मोकळे रॅक लावले, एक ट्रायल रूम केली. विक्री चांगली वाढली आणि त्याच वर्षी रिकामे हँगर सापडायला लागले. मी सगळं चोरीच्या खाती टाकत होते. मग सुट्टीच्या आदल्या रात्री शटर अर्धं ओढून आम्ही नग मोजायला लागलो, तेव्हा कळलं की महिन्याला जे बारा-चौदा नग कमी भरतात त्यातले चार-पाच दुकानात कधी आलेच नव्हते. बिलावर चोवीस, गठ्ठ्यात बावीस. एक-दोन बदलून दिलेले, पण त्याची नोंद करायची राहिलेली. आता गठ्ठा आणणाऱ्या माणसासमोरच तो सोडतो आणि मोजूनच सही करतो. एवढ्यानेच तुमचा आकडा खाली येईल, आणि जो उरेल तो खरा चोरीचा.

त्या उरलेल्याचा हिशोब मांडा. ८०० रुपयांचा कुर्ता आपल्याला ६०० ला पडत असेल तर तो गेल्यावर नुकसान भरून यायला तसेच तीन कुर्ते विकावे लागतात, तेही भाडं, पगार, लाइट बिल न धरता. आमचे सात नग म्हणजे महिन्याला ४,२०० रुपये जात होते. गेट, टॅग, ते काढायचं मॅग्नेट सगळं मिळून आम्हाला पंचावन्न हजारांच्या आसपास पडलं. चोरी पूर्ण थांबली नाही, पण महिन्याला एखाद-दुसऱ्या नगावर आली, आणि दीड वर्षात पैसे वसूल झाले. तुमच्याकडे मोजणीनंतर दोनच नग निघाले तर गेट घेऊ नका. ट्रायल रूमला आत किती नग नेले त्याच्या आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला द्या, कोपऱ्यात गोल आरसा लावा, महागाचे नग काउंटरच्या मागे टांगा. तेवढं पुरतं.

घ्यायचंच ठरलं तर दोन प्रकार समोर येतील. आरएफ म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सी, ८.२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालणारं. टॅगच्या पोटात तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वेटोळं आणि कपॅसिटर असतो. गेटच्या खांबातून त्याच लहरीची हाक आली की तो साद देतो आणि गेट वाजतं. एएम म्हणजे अकूस्टो-मॅग्नेटिक, ते ५८ किलोहर्ट्झवर चालतं. त्यात धातूची पातळ पट्टी असते, ती लहरीने थरथरते. खांब क्षणभर गप्प होऊन त्या थरथरीचा आवाज ऐकतो. एएम महाग, पण रुंद दाराला चांगलं आणि धातूपुढे कमी बिचकतं. आरएफ स्वस्त, साडेतीन-चार फुटांची वाट नीट सांभाळतं. कपड्यांच्या लहान दुकानाला मी आरएफच सांगेन. तुम्ही लिपस्टिक, क्रीमही ठेवता म्हणालात. त्यावर चिकटवायची पातळ लेबलं मिळतात, पण आरएफचं लेबल धातूच्या डबीवर चालत नाही आणि कोपऱ्यावर दुमडून लावलं तर आतलं वेटोळं मोडून निकामी होतं. एक लक्षात ठेवा, आरएफचं गेट एएमचा टॅग ओळखत नाही. स्वस्तात जुने टॅग मिळतायत म्हणून उचलू नका.

खरी अडचण दारात येते, आणि विकणारा माणूस ती आधी सांगत नाही. आपल्या दुकानांचं शटर दहा फुटांचं, लोखंडी, आणि अर्धा माल दाराशीच टांगलेला. गेटच्या तीन-चार फुटांत टॅग लावलेला कपडा नको, नाहीतर ते उगाचच वाजत राहतं किंवा बंद करून ठेवावं लागतं. दोनशे चौरस फुटांत तीन-चार फूट सोडणं म्हणजे पोटाला चिमटा घेण्यासारखं आहे, मला कल्पना आहे. आम्ही शटरच्या एका बाजूला काचेचं शोकेस उभं करून वाट चार फुटांवर आणली. दाराशी फक्त दोन पुतळे ठेवले, त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना टॅग नाही. बाहेर टांगायचं पूर्ण बंद केलं, आणि पहिले दोन महिने त्याची झळ गिऱ्हाइकीला बसली. स्वस्त एलईडी दिव्यांच्या आणि मोबाइल चार्जरच्या अडॅप्टरमुळेही गेट चुकतं. म्हणून आधी चार दिवस ट्रायलला लावून घ्या आणि सगळे दिवे लावून तपासा, मगच पैसे द्या. शिवाय गेट कॉम्प्युटरच्याच इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेली की गेट मुकं होतं.

कपड्याला लावायचा टॅग कडक प्लास्टिकचा, आत बारीक पोलादी गोळ्या असतात, त्या पिनेला धरून ठेवतात. काउंटरवरच्या जोरदार मॅग्नेटने गोळ्या मागे ओढल्या की पिन सुटते. ते मॅग्नेट काउंटरला स्क्रूने बसवून घ्या आणि रात्री कुलपात ठेवा. बँकेची कार्डं त्याच्यापासून लांब ठेवायची. टॅग नेहमी एकाच जागी लावा. आमच्याकडे डाव्या बाजूच्या शिवणीवर, खालून वीतभर वर. शिवणीत पिन गेली की भोक दिसत नाही, आणि बिल करणारीचा हात न बघता तिथे जातो. रेशमी आणि शिफॉनला पिन लावूच नका. असे नग आम्ही अजूनही आतच ठेवतो आणि हातात देऊन दाखवतो.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. गेट बसवल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक काकू बिल करून निघाल्या आणि गेट वाजलं. साठीच्या, सुती साडी, खांद्याला शबनम. आमच्याकडची मुलगी धावली आणि तिने शबनमचा पट्टाच धरला. काकू पायरीवर थांबल्या. फुटपाथवरची चार माणसंही थांबली. काकूंनी काही न बोलता छोट्या पाकिटातून चार घड्या घातलेलं बिल काढलं, उलगडलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. त्यांची बोटं थरथरत होती. पिशवीत आमचाच मोहरी रंगाचा कुर्ता होता, नातीसाठी घेतलेला, आणि त्याच्या डाव्या शिवणीवर आमचा राखाडी टॅग तसाच. काढायचा आम्हीच विसरलो होतो. मी हात जोडले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘नको आता हा.’ कुर्ता काउंटरवर ठेवला, पैसे घेतले आणि गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

त्या रात्री मी दोन्ही मुलींना बसवून एक वाक्य पाठ करून घेतलं. गेट वाजलं की जागेवरून हसून म्हणायचं: ‘ताई, टॅग काढायचा आमच्याकडून राहिला वाटतं, एक मिनिट देता का?’ पिशवीला हात लावायचा नाही, वाट अडवायची नाही, आवाज चढवायचा नाही. दहातल्या आठ वेळा चूक खरोखर आपलीच असते, किंवा दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या कपड्यावर टॅग राहिलेला असतो. आणि जिने खरंच उचललंय, तिलाही याच वाक्याने परत द्यायला वाट मिळते. एकदा कॉलेजची एक मुलगी लालबुंद होऊन ‘अय्या, हा चुकून आला’ म्हणाली आणि ओढणी काउंटरवर ठेवून गेली. आम्ही ‘हरकत नाही’ म्हणून ती परत टांगली. टॅग आल्यापासून आम्ही माणसांच्या मागे मागे फिरणं सोडलं, याचं मला चोरी कमी होण्याइतकंच समाधान आहे. पूर्वी साधी साडी आणि मोठी पिशवी दिसली की आमची नजर तिच्यावरच असायची. ती नजर गिऱ्हाइकाला कळते हो.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीचा माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. कुठलं कलम लावायचं ते पोलीस बघतील. आपण मात्र कुणाला आत कोंडून ठेवणं, अंगझडती घेणं, फोटो काढून व्हॉट्सॲपच्या व्यापारी ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही करायचं नाही. त्यात आपल्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. टोळीने येणाऱ्या बायकांचा अनुभव दोनदा आला. अशा वेळी पोलिसांच्या ११२ नंबरला फोन आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लगेच वेगळं काढून ठेवणं, एवढंच करा.

गेट बसवायचंच तर पितृपक्षात बसवा. कपड्यांची गिऱ्हाइकी तेव्हा जवळपास नसतेच. त्या पंधरा दिवसांत सगळ्या मालाला टॅग लावून होतात, दिवे-अडॅप्टरचे घोळ कळतात, आणि मुलींचा हात शिवणीवर बसतो. आम्ही रोज संध्याकाळी एकमेकींना गिऱ्हाईक करून दारातून जायचो, गेट वाजवायचो आणि ते वाक्य म्हणायचो. घटस्थापनेच्या दिवशी गर्दी सुरू झाली तेव्हा ते कुणाला आठवावं लागलं नाही.