माळ्यावरची विळी

“मनात असलं येतं, म्हणजे मी तशीच आहे का?” हा प्रश्न मला समुपदेशन करताना सारखा भेटतो. सोलापूरच्या पूर्व भागातली ती आली तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) भाजी चिरताना एकदा डोळ्यांसमोर आलं, विळी बाळाला लागली, तीही आपल्याच हातून. तिने विळी माळ्यावर टाकली. मग सुऱ्या. मग बाळाजवळ एकटं बसणंही सोडलं. सासूला वाटलं, सून कामचुकार.

“विचार आला की काय करतेस?”

“मान झटकते, सिद्धेश्वराचं नाव घेते. शंभरदा.”

“कमी झाले?”

“वाढले, मॅडम.”

वाढणारच. 1987 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर अस्वल येतच राहिलं. ते आलं का हे बघायलाही मनाला अस्वलच आठवावं लागतं ना! मीही पूर्वी मनगटाला रबरबँड लावून चटका द्यायला सांगायचे. आता लाज वाटते.

आधी मी विचारून घेतलं: आवाज ऐकू येतात? तसं करावंसं, ते बरोबर आहे असं वाटतं? नाही, ती तर थरथरत होती. ‘हो’ म्हणाली असती तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं असतं. नुसते असे नकोसे विचार पुष्कळ ओल्या बाळंतिणींना येतात, बोलत नाहीत एवढंच. तिच्या परवानगीने सासूशी बोलले. त्या जरा वेळाने म्हणाल्या, “थोरल्याच्या वेळी मी विहिरीकडं जायची नाही.”

मग मी तिला विचारलं, “लग्न होऊन आलीस तेव्हा खालच्या यंत्रमागांच्या खडखडाटात झोप लागायची?”

“पहिले पंधरा दिवस नाही.”

“मग माग बंद केले?”

ती पहिल्यांदा हसली. “आता लाईट जाऊन माग थांबले की जाग येते.”

विळी खाली आली. आधी नुसती ओट्यावर, मग सासू घरात असताना कांदा, मग एकटीने. विचार आला तर हात थांबवायचा नाही, नाव घेऊन पळवायचंही नाही. देवाचं नाव दिवेलागणीला घ्यावं, झाडूसारखं वापरू नये.

तिसऱ्या आठवड्यात रडत आली. “येऊ दे म्हणते, तरी जातच नाही.” इथे बरेच जण अडकतात. ‘येऊ दे’ हाच तिचा नवा झाडू झाला होता. जाण्याची वाट बघणंही सोडायचं, हे कळायला वेळ लागला. मलाही लागला होता.

दोन महिन्यांनी म्हणाली, “काल मेथी चिरताना आला होता.”

“मग?”

“मग काय, मेथी चिरली. पायाने झोळीला झोका चालूच होता.”