खटला पुराव्याच्या टप्प्यावर अडकलाय? आधी रोजनामा वाचा

प्रश्न असा आहे: बीड जिल्ह्यातली 2021 ची कोयत्याने मारहाणीची केस, आरोप ठेवून झाले, आता पुराव्याला नुसत्या तारखा पडतात. नव्या कायद्यातल्या मुदती लागू होतील का?

नाही. हा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 1 जुलै 2024 ला लागू झाला, पण त्याच्या कलम 531 प्रमाणे त्या दिवशी चालू असलेले खटले 1973 च्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच चालतात. तरी जुन्या कलम 309 मध्ये बळ आहे. हजर साक्षीदार संपेपर्यंत कामकाज रोजच्या रोज चालवायचं असतं, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेत हे तहकुबीचं कारण होत नाही.

ते बळ वापरण्याआधी तारखा कशामुळे पडल्या ते शोधा. मागच्या दहा-बारा तारखांच्या रोजनाम्याची, म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढा आणि प्रत्येक तारखेपुढे कारण मांडा: समन्स बजावलं गेलं नाही, आरोपी गैरहजर, वकिलाचा तहकुबी अर्ज, की न्यायाधीश रजेवर.

आपल्याकडे समन्सच सगळ्यात जास्त नडतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीच्या तारखेचं समन्स घेऊन शिपाई गावात जातो आणि ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येतो. माणसं गावी येतात तोवर कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. म्हणून सरकारी वकिलांना लेखी द्या: कोणता साक्षीदार कोणत्या कारखान्यावर आहे, मुकादमाचा फोन नंबर काय, माणूस गावी कधी येणार. नेत्रसाक्षीदार जून ते सप्टेंबरमध्येच लावायला सांगा. जुन्या संहितेच्या कलम 69 खाली रजिस्टर पोस्टाने समन्स पाठवण्याचीही विनंती करा. साक्षीदार आला आणि जबाब झाला नाही, तर पुढच्या तारखेला हजर राहण्याची लेखी हमी त्याच्याकडून तिथेच घ्यायला सांगा, म्हणजे नवं समन्स लागत नाही. भत्त्याचा अर्जही त्याच दिवशी द्या. रोजगार बुडवून आलेला माणूस दुसऱ्यांदा हात हलवत परतला, की तिसऱ्यांदा येत नाही.

खरी सुधारणा इथेच हवी. समन्स बजावणारे शिपाई बंदोबस्तातून मोकळे ठेवावेत आणि ऊसतोडीच्या तालुक्यांत साक्षीच्या तारखा हंगाम पाहून लावाव्यात. नुसत्या मुदती लिहून हे सुटणार नाही.

सरतपास (साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) झाला की उलटतपास (समोरच्या वकिलाचे प्रश्न) त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावा, असा आग्रह धरा. विनोद कुमार विरुद्ध पंजाब (2015) या खटल्यात उलटतपास सुमारे 20 महिने लांबला आणि साक्षीदार फितूर झाला. अशी लांबण सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत नाकारली. हा निकाल सरकारी वकिलांच्या हाती द्या.

दुखापत प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली असेल, तर जुन्या संहितेच्या कलम 294 खाली बचाव पक्षाला ते कबूल आहे का, हे आधी विचारून घ्या. कबूल नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष मागा. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच त्याला मान्यता दिली आहे. पाच आरोपींतला एक फरार असेल, तर त्याचा खटला वेगळा काढण्याची मागणी सरकारी वकिलांमार्फत लगेच करा. त्याच्यापायी बाकीच्यांचा खटला अडकून राहतो.

इतकं करूनही हलत नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे मुदतीत निकालाचा आदेश मागता येतो. अर्जाला तारखांचा तक्ता जोडा, आणि तुम्ही लेखी दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच.