अँटेनाचं अर्थिंग वेगळं ठेवू की घराच्या अर्थिंगला जोडू?

साताऱ्याच्या गोडोलीत गच्चीवर २० फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा करून हॅम रेडिओच्या टू मीटर बँडची अँटेना चढवलीस, मागच्या अंगणात तिच्या अर्थिंगचा वेगळा रॉड ठोकलास, आणि वायरमन म्हणतोय तो घराच्या अर्थिंगला जोडू नका, वीज घरात येईल. उलटं आहे भावा.

वीज पाइपवर पडो नाहीतर शेजारच्या नारळावर, तुझ्या रॉडजवळची जमीन क्षणभर हजारो व्होल्टला चढते, मीटरजवळचं अर्थिंग तेव्हा भलत्याच व्होल्टेजला असतं आणि या दोघांमधला रस्ता कुठला तर कोॲक्सची, म्हणजे अँटेनाहून रेडिओला येणाऱ्या केबलची, बाहेरची जाळी, रेडिओची बॉडी, पॉवर सप्लाय, थ्री पिनची अर्थ पिन. म्हणजे करंट तुझ्या सेटमधून. म्हणून दोन्ही अर्थ घराबाहेरूनच १६ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरने जोडून टाक, अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये तर हे सक्तीचंच आहे. न्यूट्रलला मात्र हात लावायचा नाही.

फोटोत पाइपच्या बुडाशी उरलेल्या वायरचं वेटोळं दिसतंय, ते आधी काप. सगळे ओहमच्या, म्हणजे रेझिस्टन्सच्या मागे लागतात, पण सरळ वायरलासुद्धा मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स (करंट झटकन बदलायला होणारा अडथळा) असतो, करंट मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढला तर एकेका मीटरवर १० हजार व्होल्ट, मग वेटोळ्याचं काय होईल बघ. कठड्यावरून खाली उतरताना काटकोनात मोडू नको, ऐसपैस वळण दे, आणि जमत असेल तर वायरऐवजी पट्टीच वापर.

रॉडचं म्हणशील तर आमच्या सांगलीच्या काळ्या मातीत तो सहज जातो, पण उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात आणि वळीव नेमका तेव्हाच येतो. तुमच्याकडे खाली काळा पाषाण लागला तर उभं ठोकायचा हट्ट सोड, चर खणून पट्टी आडवी पूर, वरून बेंटोनाइट, ओल धरून ठेवणारी माती. मीठ नको, जीआय खाऊन टाकतं.

कोॲक्स घरात शिरते तिथे बाहेरून एक धातूची प्लेट, तिच्यावर गॅस ट्यूबवाला अरेस्टर (जादा व्होल्टेज अर्थला वळवणारा), आणि प्लेट खालच्या अर्थला. अरेस्टर सेटच्या मागे टेबलावर लावणारे बरेच बघितलेत, पैसे वाया.

एवढं करूनही थेट पडली तर सेट वाचेलच असं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप टाकून ठेव, ढग यवतेश्वराच्या डोंगरावर दिसायला लागले की कोॲक्स बाहेर प्लेटपाशीच सोडव, पॉवरचा प्लगही काढ. गडगडायला लागल्यावर मात्र गच्चीवर पळायचं नाही, सेट गेला तर जाऊ दे.