वाचकांचे प्रश्न : उघड्यावरच्या यंत्रांना ग्रीस कोणते?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत ग्रीसविषयीचे प्रश्न हमखास असतात. बहुतेक वाचक ‘जास्त उष्णता सोसणारे ग्रीस कोणते?’ असे विचारतात. प्रत्यक्षात पुणे जिल्ह्यात उघड्यावर चालणाऱ्या यंत्रांची बेअरिंगे उष्णतेने क्वचितच जातात. ती जातात पाण्याने, चिखलाने आणि धुळीने. खालील उत्तरे हे ध्यानात ठेवून वाचावीत.

प्रश्न : आमच्या भातखाचरांत चिखलणीसाठी ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालतो. दुकानदाराने सुचवलेले लाल रंगाचे, डब्यावर ‘२६० अंश’ असे छापलेले महागडे ग्रीस मी नियमित भरतो. तरीही पात्यांच्या शाफ्टच्या टोकाचे बेअरिंग पुन्हा गेले. उघडून पाहिले तर आत ग्रीसऐवजी दुधासारखा पांढरट लगदा होता. ग्रीस बनावट असावे काय? – एक शेतकरी, मुळशी

उत्तर : ग्रीस बनावट असण्याची गरज नाही, चांगले ग्रीस चुकीच्या जागी वापरले तरी असाच परिणाम होतो. डब्यावरचा २६० हा आकडा बहुधा ‘ड्रॉप पॉइंट’ आहे, म्हणजे प्रयोगशाळेत तापवताना ज्या तापमानाला ग्रीस पातळ होऊन त्याचा पहिला थेंब गळतो ते तापमान. यंत्रात वापरण्याची मर्यादा त्याहून बरीच खाली असते, आणि आपल्या बाबतीत तर तो आकडा फारसा कामाचाच नाही, कारण गुडघाभर चिखलात फिरणारे बेअरिंग तेवढे तापत नाही.

ग्रीसमध्ये मुख्य भाग तेलाचा असतो आणि वंगणाचे काम तेच करते. हे तेल जागेवर धरून ठेवण्यासाठी त्यात घट्टपणा आणणारा पदार्थ मिसळलेला असतो, बहुतेक वेळा एखाद्या धातूचा साबण. पाण्यासमोर ग्रीस टिकणार की नाही हे मोठ्या प्रमाणात या साबणावर ठरते. बाजारात सर्वाधिक खपणारे लिथियमचे ग्रीस सर्वसाधारण कामाला उत्तम आहे आणि अधूनमधून लागणारे पाणीही ते सोसते. परंतु पाण्यात सतत घुसळले गेले की ते पाणी पोटात घेते, मऊ पडते आणि सीलच्या, म्हणजे बेअरिंगचे तोंड झाकणाऱ्या कडीच्या, फटीतून वाहून जाते. आपण पाहिलेला पांढरट लगदा हाच. साध्या कॅल्शियमचे जुन्या पद्धतीचे ग्रीस पाण्याला चांगले तोंड देते व स्वस्तही असते, पण साधारण ६० अंशांपुढे त्याचा भरवसा धरता येत नाही. चिखलणीसारख्या कामाला माझी पहिली पसंती कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीसला आहे. ते थोडे पाणी आत शिरले तरी पातळ होत नाही, दाब सोसते आणि गंजापासून संरक्षण करण्याचा गुण त्याच्या मूळ घडणीतच असतो. किंमत जास्त आहे हे खरे, तरी एका बेअरिंगच्या आणि ऐन चिखलणीत यंत्र बंद पडण्याच्या खर्चापुढे ती जड वाटू नये. ते न मिळाल्यास ‘ईपी’ म्हणजे जास्त दाबाचे लिथियम कॉम्प्लेक्स घ्यावे आणि ते रोज भरावे.

खरेदी करताना दुकानदाराकडे त्या ग्रीसचे तांत्रिक माहितीपत्रक मागावे. पुण्याच्या बोहरी आळीतला किंवा नाना पेठेतला जाणता विक्रेता ते मोबाइलवरही दाखवतो. त्यात घट्टपणाची श्रेणी, साबणाचा प्रकार, मूळ तेलाचा दाटपणा आणि ‘वॉटर वॉशआउट’ या चार नोंदी पाहाव्यात. शेवटच्या नोंदीत फिरत्या बेअरिंगवर पाण्याचा झोत सोडल्यावर किती टक्के ग्रीस धुऊन गेले ते दिलेले असते; आकडा जितका लहान तितके बरे. मात्र तुलना करताना दोन्ही ग्रीसची चाचणी एकाच तापमानाला झालेली आहे याची खात्री करावी, कारण ही चाचणी ३८ अंशांनाही होते आणि ७९ अंशांनाही, आणि गरम पाण्यात कोणतेही ग्रीस अधिक धुतले जाते.

आता भरण्याची वेळ. बहुतेक जण सकाळी शेतावर निघताना ग्रीस भरतात. चिखलणीच्या दिवसांत ते काम संध्याकाळी, यंत्र थांबल्याबरोबर आणि बेअरिंग कोमट असतानाच करावे. बेअरिंग थंड होताना आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेला साचलेले पाणी आत ओढले जाते. ताजे ग्रीस लगेच भरल्यास आत शिरलेले पाणी बाहेर रेटले जाते आणि रात्रभर धातू कोरडा राहतो. निपल, म्हणजे ग्रीस भरायचे छोटे तोंड, आधी फडक्याने पुसावे, अन्यथा ग्रीसगनच आपल्या हाताने चिखल आत ढकलते. सीलच्या कडेने बाहेर आलेली ग्रीसची कड मात्र पुसू नये. ती धुळीला व पाण्याला अडवते. पीटीओ शाफ्टच्या, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या, दोन्ही क्रॉसना (सांध्यांना) आणि आतबाहेर सरकणाऱ्या नळीलाही विसरू नये, कारण संरक्षक आवरणाखाली असलेली ही निपले वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सबाबत एक सूचना. गिअरबॉक्स गळू लागला की त्यात तेलाऐवजी ग्रीस कोंबण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. फिरणारे दाते घट्ट ग्रीसमध्ये आपल्यापुरती पोकळी करून घेतात आणि मग कोरडेच फिरतात. तिथे पुस्तिकेत सांगितलेले गिअर ऑइलच हवे, आणि गळतीवर उपाय नवे ऑइल सील हाच.

प्रश्न : माझ्याकडे भाड्याने देण्यासाठी बॅकहो लोडर आहे. पिनांना पूर्वी लाल ग्रीस भरत होतो, आता निळे आणले. नवे ग्रीस भरल्यापासून ते पातळ होऊन ओघळते आहे. दोन्ही डब्यांवर श्रेणी ‘२’ आहे. निळे ग्रीस हलके असते काय? – एक कंत्राटदार, वाघोली

उत्तर : रंगावरून ग्रीसची प्रत, प्रकार किंवा ताकद यांपैकी काहीही कळत नाही. रंग कारखान्यात ओळखीसाठी मिसळतात, आणि एका कंपनीचे निळे ग्रीस दुसऱ्या कंपनीच्या निळ्या ग्रीसशी जुळेलच असे नाही. श्रेणी २ ही केवळ घट्टपणाची खूण आहे. अमेरिकेतील एनएलजीआय या संस्थेच्या मोजपट्टीत ००० ते ६ अशा नऊ श्रेण्या आहेत. २५ अंशांना घोटलेल्या ग्रीसमध्ये ठराविक वजनाचा शंकू २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुतला तर ते ग्रीस श्रेणी २ चे. पुण्याच्या हवेत उन्हाळा असो वा हिवाळा, हातगनने भरायच्या जवळजवळ सर्व जागांना हीच श्रेणी पुरते. ‘उन्हाळा आहे म्हणून ३ घ्या’ हा सल्ला मनावर घेऊ नये.

आपल्याकडे घडलेला प्रकार न जुळणाऱ्या साबणांचा दिसतो. दोन ग्रीस वेगवेगळी असताना चांगली असतात, पण एकत्र आली की एकमेकांची तेल धरून ठेवणारी जाळी मोडतात. मग मिश्रण पातळ होऊन ओघळते, किंवा क्वचित दगडासारखे घट्ट होऊन निपल बंद करते. लिथियम आणि पॉलियुरिया (साबणाऐवजी घट्टपणा आणणारा एक पदार्थ) यांची जोडी अनेकदा बिघडते, तर बेंटोनाइट मातीवर आधारलेली ग्रीस बहुतेकांशी जुळत नाहीत. तेव्हा दोन्ही डब्यांवरचा साबणाचा प्रकार तपासावा आणि शक्य तर विक्रेत्याकडून दोन्ही जुळतात असे लेखी घ्यावे. ते जमत नसेल तर एकच निश्चित करून जुने पूर्ण बाहेर काढावे. बकेट जमिनीवर टेकवून पिनेवरचा भार काढावा, म्हणजे ग्रीस चारी बाजूंनी पसरते. बाहेर येणाऱ्या ग्रीसचा रंग पूर्णपणे नव्यासारखा होईपर्यंत गन चालवावी, मग बूम काही वेळा वरखाली करून पुन्हा भरावे. रंगाचा उपयोग होतो तो एवढ्याच कामापुरता.

पिना व बुश यांच्यासाठी साधारण ३ टक्के मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेले, बाजारात मॉली म्हणून मिळणारे ईपी ग्रीस घ्यावे, आणि त्यातील मूळ तेलाचा दाटपणा (माहितीपत्रकात ४० अंशांना, सेंटिस्टोकमध्ये दिलेला) ४६० च्या आसपास असावा. पीन पूर्ण गोल फिरत नाही, ती मोठ्या भाराखाली थोडीशी मागेपुढे होते. त्यामुळे तेलाचा सलग थर तयारच होत नाही आणि धातूला धातू लागण्याच्या क्षणी मॉलीचे कण मध्ये राहून झीज वाचवतात. हेच ग्रीस वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगला मात्र घालू नये. मॉली ग्रीस मुळातच काळपट असते, म्हणून काळे झाले म्हणजे खराब झाले असा अंदाज इथे बांधता येत नाही; बोटांत चोळून कचकच लागते का ते पाहावे.

प्रश्न : विहिरीवरच्या मोटरला दर खंडेनवमीला मी गन रिकामी होईपर्यंत ग्रीस भरतो. यंदा त्यानंतर मोटर जास्तच तापू लागली आहे. – एक वाचक, जुन्नर

उत्तर : खंडेनवमीला यंत्राची पूजा अवश्य करावी, परंतु वंगणाचे वेळापत्रक तिच्यावर बांधू नये. तोवर पाऊस संपत आलेला असतो आणि पाण्याला जे नुकसान करायचे ते करून झालेले असते. उघड्यावरच्या मोटरला पावसापूर्वी एकदा व पावसानंतर एकदा असे भरणे अधिक उपयोगी, अर्थात कामाचे तास जास्त असल्यास त्याहूनही लवकर.

तापण्याचे कारण बहुधा अतिरिक्त ग्रीस हेच आहे. बेअरिंगमधील मोकळी जागा एक तृतीयांश ते निम्मी भरलेली असावी. ती ठासून भरली की गोळ्या ग्रीस घुसळत राहतात, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि हातगनचा दाब एवढा असतो की सील उलटून ग्रीस वाइंडिंगपर्यंत, म्हणजे मोटरच्या तारांच्या वेढ्यांपर्यंतही पोहोचते. पुन्हा भरण्याच्या मात्रेचे एक सोपे सूत्र आहे : बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला ०.००५ ने गुणावे, उत्तर ग्रॅममध्ये मिळते. ६२०६ क्रमांकाच्या बेअरिंगचा व्यास ६२ आणि रुंदी १६ आहे, म्हणजे त्याला जवळपास ५ ग्रॅम लागते. आपली गन एका दाबाला किती ग्रीस सोडते हे कळण्यासाठी दहा दाब कागदावर घेऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावे; बऱ्याच गनांचा एक दाब सुमारे १ ग्रॅमचा भरतो.

सध्या मोटरचा निचऱ्याचा बूच काढून ती काही वेळ चालवावी, जास्तीचे ग्रीस बाहेर येऊ द्यावे आणि मग बूच लावावा. पुढील वेळी पॉलियुरिया किंवा साधे लिथियम, श्रेणी २, मूळ तेलाचा दाटपणा १०० च्या आसपास असे ग्रीस घ्यावे, आधीचे कोणते होते ते पाहूनच. बेअरिंगवर ‘टू आरएस’ किंवा ‘झेडझेड’ अशी अक्षरे असल्यास ते दोन्ही बाजूंनी झाकलेले आहे आणि त्यात बाहेरून ग्रीस भरायचे नसते.

प्रश्न : सोसायटीच्या सरकत्या लोखंडी फाटकाच्या दातेरी पट्टीला व चाकांना कोणते ग्रीस लावावे? – एक सचिव, कोथरूड

उत्तर : दातेरी पट्टीला कोणतेच लावू नये. रस्त्याची धूळ ग्रीसला चिकटून तिची कानस होते, आणि अनेक उत्पादकही पट्टी कोरडी व स्वच्छ ठेवण्यासच सांगतात. चाकांची बेअरिंगे बहुधा झाकलेली असतात. आवाज करू लागली की ती बदलावीत. बिजागरीच्या फाटकाला मात्र साधे कॅल्शियम ग्रीस पुरेसे आहे.

प्रश्न : आमची रस्त्याकडेची रसवंती आहे. चरकाच्या लाटांच्या बेअरिंगला गाडीचे ग्रीस चालते का? रस वरूनच वाहतो. – एक व्यावसायिक, हडपसर

उत्तर : चालवू नये. जिथे ग्रीस चुकून खाण्यापिण्याच्या पदार्थात जाऊ शकते तिथे एनएसएफ या अमेरिकी संस्थेकडे ‘एच १’ म्हणून नोंदलेले (डब्यावर ‘एनएसएफ एच १’) खाद्यसुरक्षित ग्रीसच वापरावे. ही ग्रीस शुद्ध पांढऱ्या खनिज तेलाची किंवा कृत्रिम तेलाची असतात, आणि अमेरिकी नियमांनुसार अशा खनिज तेलाचा अंश अन्नात दहा लाखांत १० भागांपेक्षा अधिक जाता कामा नये. म्हणजे ‘एच १’ याचा अर्थ खाण्यायोग्य असा नाही. ओघळलेले ग्रीस पुसणे आलेच. उसाचा रस आंबतो, आम्लधर्मी होतो आणि वर रोज पाण्याने धुणे असते, म्हणून यातही कॅल्शियम सल्फोनेट किंवा ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स प्रकार निवडावा. उघड्या गिअरांवर झाकण नसेल तर ग्रीसआधी ते बसवून घ्यावे, बोटांसाठीही आणि रसासाठीही.

प्रश्न : गवत कापण्याच्या ब्रशकटरच्या पात्याजवळील गिअरला काय भरावे? आणि गेल्या वर्षीच्या डब्यात वर तेल सुटले आहे, ते ग्रीस टाकून द्यावे का? – एक वाचक, भोर

उत्तर : पात्याजवळच्या त्या डोक्यात तेल नसून ग्रीसच असते. बाजूचा स्क्रू काढून श्रेणी २ चे लिथियम ईपी ग्रीस साधारण पाऊण जागा भरेल इतके घालावे. ठासून भरल्यास डोके तापते. किती तासांनी भरावे ते पुस्तिकेत पाहावे, आणि ओल्या गवतात काम झाले असेल तर त्याआधीच भरावे. डब्यातले तेल थोडेसेच सुटले असेल तर ते स्वच्छ पट्टीने पुन्हा ग्रीसमध्ये कालवावे. ग्रीस काढताना मध्ये खड्डा ठेवू नये, कारण तेल त्यातच गोळा होते. पृष्ठभाग सपाट करून झाकण घट्ट लावावे. तेल बोटभर साचले असेल, आंबूस वास येत असेल किंवा झाकण उघडे राहून आत माती गेली असेल, तर ते बेअरिंगला वापरू नये.